तेर साती एक्याण्णव

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरातील शाळेचे वर्ष संपले. घंटा वाजली नाही, प्रगतिपुस्तक मिळाले नाही, आणि सुट्टी लागल्याची आरोळी ठोकत फाटकाबाहेर धावणारी मुलेही नव्हती. एका चर्चच्या मागच्या सभागृहात, बाहेर पत्र्यावर गारांचा मारा चालू असताना, माझ्या आठ वर्षांच्या मुलाने तेराचा पाढा पुरा केला आणि आमच्यापुरते वर्ष संपले. तो पाढा त्याने कसा पुरा केला हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे, परंतु त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे, कारण पुण्या-नगरकडचे वाचक मला नेहमी एकच प्रश्न विचारतात : अमेरिकेत सरकारी शाळा फुकट असताना तुम्ही मुलांना घरी का बसवले आहे?

'घरी बसवले' या शब्दांना माझी हरकत आहे, पण तो वाद आज नको.

आम्ही डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. थोरली अकरा वर्षांची आहे, धाकटा आठ. टेक्सासमध्ये घरातील शाळा ही कायद्याच्या दृष्टीने खासगी शाळाच मानली जाते. १९९४ साली येथील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लीपर खटल्यात यावर शिक्कामोर्तब केले. आईवडिलांनी लेखी अभ्यासक्रम ठेवावा आणि त्यात वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित व सुजाण नागरिकत्व हे पाच विषय प्रामाणिकपणे शिकवावेत, एवढीच अपेक्षा असते. नोंदणी नाही, तपासणी नाही, वार्षिक परीक्षा नाही. ऐकणाऱ्याला हे मोठे स्वातंत्र्य वाटते आणि ते आहेही. परंतु त्याची दुसरी बाजू अशी की, वर्ष संपले असे सांगणारे बाहेरचे कोणीच नसते. ऑगस्टमध्ये उत्साहाने उघडलेली वही मे महिन्यात अर्धी कोरी असली, तरी तिला जाब विचारणारा निरीक्षक दारात येत नाही. जाब विचारणारी मी आणि जाब देणारीही मीच. म्हणूनच वर्षअखेरीचा समारंभ आमच्यासारख्या घरांना हौसेपेक्षा गरजेचा अधिक असतो.

आम्ही मूळचे नगरचे. आता ते अहिल्यानगर झाले असले तरी आमच्या घरात अजून नगरच म्हणतात. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले, त्यांनी शाळा काढल्या, आणि तेथेच सिंथिया फरार यांच्या शाळेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. 'त्या लोकांनी सात समुद्र ओलांडून येऊन आपल्या पणजीला शाळेत घातले, आणि तू त्यांच्या देशात जाऊन पोरांना शाळेतून काढलेस,' हे वाक्य सासूबाई दर दोन महिन्यांनी तरी ऐकवतात. त्यावर माझ्याकडे अजून चांगले उत्तर नाही.

आम्ही ज्या पद्धतीने शिकवतो तिला येथे ख्रिस्ती अभिजात शिक्षण म्हणतात. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्यांनी शिक्षणाचा पाया घातला जाई, त्याच तिहेरी रचनेवर ती उभी आहे. तिच्या आजच्या रूपाचे मूळ १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये वाचल्या गेलेल्या एका निबंधात सापडते. लेखिका डोरोथी सेयर्स. त्या गुप्तहेरकथांसाठी प्रसिद्ध होत्या, आणि आपला शिकवण्याचा अनुभव अत्यंत तोकडा आहे हे त्यांनी निबंधाच्या आरंभीच सांगून टाकले होते. गंमत म्हणजे शाळा न चालवलेल्या या बाईंच्या निबंधावर अमेरिकेत १९८० नंतरच्या दोन दशकांत ख्रिस्ती शाळा उभ्या राहिल्या आणि हजारो घरांतील स्वयंपाकघरांच्या टेबलांवर लॅटिनची पुस्तके आली. सेयर्स स्वतः मात्र सात वर्षांच्या होण्याआधीच घरी वडिलांकडून लॅटिन शिकू लागल्या होत्या, तेव्हा त्यांचा अनुभव अगदीच शून्य होता असेही म्हणता येणार नाही. तो शिकण्याच्या बाजूचा होता एवढेच.

या निबंधात त्यांनी मुलांच्या वाढीच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत, आणि त्यांतल्या पहिलीला चक्क पोपटाचे नाव दिले आहे. या वयात मुलाला पाठांतर सहज येते, अर्थ कळो न कळो, शब्दांचा नाद त्याला आवडतो. म्हणून या वयात भरपूर पाठ करून घ्यावे, तर्क त्यावर पुढे आपोआप चढेल, असे त्यांचे म्हणणे. मी हे प्रथम वाचले तेव्हा हसू आले, कारण मराठीत पोपटपंची हा शब्द निंदेचा आहे. माझी स्वतःची शाळा घोकंपट्टीची होती. दहावीच्या परीक्षेसाठी पाठ केलेले निबंध निकालाच्या आधीच विसरले होते, आणि आपल्या मुलांना यातून वाचवायचे असे मी लग्नाआधीच ठरवले होते. त्या निश्चयाचे पुढे असे झाले की, आज माझी मुले माझ्या तिप्पट पाठांतर करतात.

मात्र घोकंपट्टी आणि पाठांतर यांतला फरक मला या पद्धतीनेच दाखवला, आणि दाखवल्यावर लक्षात आले की तो मला लहानपणापासून ठाऊक होता. नगरला संध्याकाळी दिवे लागले की आमच्याकडे प्रार्थना होई, एखादे स्तोत्र वाचले जाई, आणि मग आई आम्हा भावंडांना ओळीने बसवून पाढे म्हणायला लावी. तिच्या आईने तिच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, करून घेतली होती. आमच्या वाटणीला तिसापर्यंतचे पाढेच आले. त्याला ती परवचाच म्हणे, जसे शेजारच्या हिंदू घरांतही म्हणत. फक्त त्यांच्याकडे शुभंकरोती असे आणि आमच्याकडे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे गीत. त्या पाढ्यांची परीक्षा कधी झाली नाही. कदाचित म्हणूनच ते अजून तोंडात आहेत.

घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांच्या आमच्या गटात अकरा कुटुंबे आहेत. आठवड्यातून एक दिवस सर्वजण एका चर्चमध्ये जमतात, त्या आठवड्याचे पाठांतर मुलांना चालीवर शिकवले जाते, आणि उरलेले दिवस ज्याने त्याने घरी ते पक्के करायचे असते. जगाच्या इतिहासाचा कालपट, पंधरापर्यंतचे पाढे, वर्ग आणि घन, इंग्रजी व्याकरणाच्या व्याख्या, नकाशे, विज्ञानाची प्रश्नोत्तरे, बायबलमधील उतारे आणि लॅटिन असा हा भारा असतो. कालपटाविषयी माझी तक्रार आहे आणि ती मी गटातही बोलून दाखवली आहे : दीडशेच्या वर घटनांच्या त्या माळेत हिंदुस्थान जेमतेम डोकावतो, आणि ख्रिस्ती धर्म जणू रोमहून निघून युरोपमार्गे थेट अमेरिकेतच उतरला असे मुलांना वाटू लागते. म्हणून आम्ही घरच्या कालपटात स्वतःची पाने घातली आहेत. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापले गेले, त्याचे पान शेक्सपिअरच्या मृत्यूच्या वर्षाशेजारी येते. नगरहून १८४२ साली निघालेल्या 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाचे पान आहे. पंडिता रमाबाईंच्या मराठी बायबलचे १९२४ चे पान आहे. थोरलीने त्यांवर चित्रेही काढली आहेत, आणि तिच्या चित्रातला स्टीफन्स धोतर नेसलेला आहे, ज्याला ऐतिहासिक आधार काहीही नाही.

लॅटिनमध्ये मात्र मला अनपेक्षित लाभ झाला. गटातील इतर आयांना नामाची रूपे शिकवताना घाम फुटतो, कारण इंग्रजीत विभक्ती जवळजवळ उरलेलीच नाही, आणि 'गुलाब' या शब्दाचे शेपूट वाक्यागणिक का बदलावे हे त्यांच्या मुलांना काही केल्या पटत नाही. आमच्याकडे स, ला, ते, ने, ए, शी यांवर वाढलेली आई आहे. रोझा ही प्रथमा, रोझाम ही द्वितीया, रोझे ही षष्ठी आणि चतुर्थीही, असे म्हटल्याबरोबर थोरलीने विचारले, 'मग लॅटिनमध्ये सप्तमी कुठे गेली?' तिला मी मराठी व्याकरण कधी शिकवले नव्हते. ती शेजारी बसून माझे पुटपुटणे ऐकत आली होती. वाक्यपृथक्करणाचेही तसेच झाले. येथे वाक्याची आकृती काढतात, आडव्या रेघेवर कर्ता आणि क्रियापद मांडून खाली विशेषणांच्या तिरप्या फांद्या काढतात. रीड आणि केलॉग या दोघांनी १८७७ साली ही पद्धत रूढ केली. पहिली आकृती पाहताच मला उद्देश्य-विधेयाचे तक्ते आठवले आणि आयुष्यात प्रथमच शाळेतल्या मराठीच्या बाईंचे मनापासून आभार मानावेसे वाटले.

इतके वाचून आमच्या घरात रोज विद्येचा दिवा तेवत असतो असे कोणास वाटले असेल, तर त्याला फेब्रुवारीत यायला हवे होते. तो महिना आमच्यासाठी दरवर्षीच वाईट जातो. उत्साह संपलेला असतो, मे दिसत नसतो. यंदा त्यात रस्त्यांवर बर्फाची काच बसली, चार दिवस कोणी घराबाहेर पडू शकले नाही, आणि त्याच चार दिवसांत धाकटा तेराच्या पाढ्यावर अडला. येथे पाढे उड्या मारत म्हणतात, म्हणजे तेरा, सव्वीस, एकोणचाळीस असे नुसते गुणाकार गाण्याच्या चालीवर. तो पासष्टपर्यंत येई, अठ्ठ्याहत्तरवर चाचरे आणि तेथून पुढे गाण्याची चाल राही पण आकडे गळून जात. तिसऱ्या दिवशी मी त्याच्यावर ओरडले. काय बोलले ते येथे लिहिणार नाही. एवढेच सांगते की, ते शब्द एखाद्या शिक्षिकेने उच्चारले असते तर मी मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन गेले असते. येथे मुख्याध्यापकही मीच होते. तो रडत पलंगाखाली जाऊन बसला, लॅटिनची वही मी खणात कोंबली, आणि त्या रात्री नवऱ्याला म्हणाले की ऑगस्टमध्ये दोघांना शाळेत घालू. तो 'बघू' म्हणाला. त्याचे 'बघू' हे 'नाही'पेक्षाही लांबते, हे मला माहीत आहे.

तोडगा आईने काढला, आणि तोही तोडगा म्हणून नव्हे. हिवाळ्यात आमचे सकाळचे आठ म्हणजे नगरचे संध्याकाळचे साडेसात. आमच्या न्याहारीची वेळ ही तिची परवच्याची वेळ. एके सकाळी व्हिडिओवर बोलताना नातू गप्प का, असे तिने विचारले, आणि कारण कळल्यावर काही न बोलता 'तेर एके तेर' असे सुरू केले. तो पुढचे म्हणेना, म्हणून तिनेच म्हटले, 'तेर दुणे सव्वीस.' दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभराने तो लापशी खाता खाता तिच्या मागून म्हणू लागला. अर्थ त्याला किती कळत होता कोण जाणे. चारोदरसे म्हणजे एकशे चार हे मी त्याला बऱ्याच दिवसांनी सांगितले, तोवर त्याला तो एखाद्या गावाचा पत्ता वाटत होता.

आता शुक्रवारविषयी. समारंभ खरे तर उद्यानात व्हायचा होता, परंतु दुपारीच वादळाचा इशारा आला, म्हणून सर्व काही चर्चच्या सभागृहात हलवावे लागले. प्रत्येक कुटुंब एकेक पदार्थ घेऊन आले. धुरावर दहा तास भाजलेले गोमांस, मक्याचा पाव, अंड्यांचे वेगवेगळे प्रकार, आणि या सगळ्यांत माझा मसालेभात, ज्याचे पातेले दरवर्षी सर्वांत आधी रिकामे होते हे नम्रपणे नमूद करते. भिंतीलगतच्या टेबलांवर वर्षभराच्या वह्या मांडल्या होत्या : निसर्गनोंदी, हाताने काढलेले नकाशे, टाचून ठेवलेली पाने. प्रार्थना झाली. बारावी पुरी करणाऱ्या एका मुलाला त्याच्या आईवडिलांनीच स्वतःच्या हाताने पदविका दिली, आणि बाराही वर्षे तिसऱ्या कोणाची सही नसलेले ते कागद हाती घेताना तो अठरा वर्षांचा धिप्पाड मुलगा आईपेक्षा जास्त रडला.

मग मोठ्या वर्गाची ऐतिहासिक पात्रे आली. प्रत्येक मुलाने वर्षभर एका व्यक्तीचा अभ्यास करून शेवटी तिच्या वेशात तिच्याच तोंडून तीन मिनिटे बोलायचे असते. ऑगस्टीन झाला, दोन लिंकन झाले, आणि नंतर माझी थोरली पंडिता रमाबाई होऊन उभी राहिली. माझीच पांढरी साडी तिला चार पिना लावून नेसवली होती. व्यासपीठावर चढतानाच निऱ्यांची पिन सुटली आणि पूर्ण भाषण तिने डाव्या हातात निऱ्या घट्ट धरून केले.

रमाबाई तिने स्वतः निवडल्या होत्या आणि कारण मला तेथेच कळले. मला वाटले होते ती रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनविषयी बोलेल, किंवा १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला आल्या होत्या त्याविषयी, कारण अमेरिकन श्रोत्यांना ते जवळचे वाटले असते. तिने सुरुवात केली ती रमाबाईंच्या आईपासून. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. स्त्रीला ही विद्या दिल्याबद्दल त्यांना उडुपीला पंडितांसमोर उभे राहून शास्त्राधार द्यावे लागले. पुढे ते गंगामुळाच्या अरण्यात जाऊन राहिले आणि तेथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. 'मी कधी शाळेत गेले नाही,' थोरली म्हणाली, 'मला आईने शिकवले. मी आठ वर्षांची होते तेव्हापासून पंधरा वर्षांची होईपर्यंत. तिने मला भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ करायला लावले.' सभागृहातील मुलांमध्ये एकदम कुजबुज झाली, कारण अठरा हजार या आकड्याचे वजन त्या मुलांइतके कोणाला कळणार! त्यानंतर तिने १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या ते सांगितले, आणि उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले त्यावर भाषण संपवले. भारतातील मिशनऱ्यांविषयी लहानपणापासून ऐकत आलेल्या माझ्या शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारले, 'ही गोष्ट आम्हाला कोणी का सांगितली नव्हती?' मी कालपटाकडे बोट दाखवले. तेवढी संधी मी सोडणार नव्हते.

लहान मुलांचे पाठांतर सर्वांत शेवटी होते. या मुलांनी आधीच सगळा भारा तीन वेळा म्हणून दाखवलेला असतो, एकदा आईवडिलांना, एकदा दुसऱ्या पालकाला आणि एकदा शिक्षिकेला, त्यामुळे समारंभात प्रत्येकाने एकेक तुकडाच म्हणायचा. धाकट्याच्या वाट्याला चिठ्ठीने काय यावे? तेराचा पाढा. माझ्या पोटात गोळा आला. तो पुढे आला, हात मागे बांधले आणि इंग्रजीत चालीवर सुरू झाला. पासष्ट आले. अठ्ठ्याहत्तर आले. मग चाल पुढे गेली आणि तो थांबला. गारा वाजत होत्या, शिक्षिका ओठांनी खूण करत होती, आणि तो कोणाकडेही न पाहता छताकडे पाहत होता. मग अगदी मोठ्याने, आजीच्या हेलात, तो म्हणाला, 'तेर साती एक्याण्णव.' क्षणभर थांबून, 'तेर आठी चारोदरसे. तेर नवे सतरोदरसे. तेर दाहे तिसासे.' सभागृहात मी, नवरा आणि थोरली सोडून हे आकडे कोणाला कळले नव्हते. शिक्षिकेने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, आणि तिने तो पाढा मान्य केला. नियमपुस्तकात याविषयी काही लिहिलेले नसावे.

घरी पोहोचून नगरला फोन लावला तेव्हा तेथे सकाळचे आठ वाजले होते आणि आई चहा घेत होती. धाकट्याने सगळा प्रसंग हातवारे करून सांगितला. मला वाटले ती डोळे पुसेल. तिने कप खाली ठेवला आणि विचारले, 'सातवर अडलास? म्हणजे सहापर्यंत इंग्रजीत म्हटलेस ना? म्हणून अडलास.' त्याने सुट्टी लागल्याचे सांगून पाहिले. 'लागू दे की,' ती म्हणाली, 'चौदा एके?'

तो माझ्याकडे पाहू लागला. मी मसालेभाताचे पातेले घासायला घेतले.